पंख्यासमोरची भिंत

आमच्या गावात एखादी भिंत कललेली दिसली, तर ती देशंगभाऊंनी बांधलेली नाही, एवढं मी डोळे मिटून सांगते. यान देशंग म्हणजे हातात ओळंबा घेऊनच जन्माला आलेला माणूस. गावातली निम्मी घरं, बहुतेक सगळी फाटकं, शाळेचं कुंपण, सगळं त्यांच्या हातचं. पण भिंती एवढ्या ताठ उभ्या करणाऱ्या माणसाला स्वतःचा कणा काही मिळाला नव्हता. कुणीही यावं, काहीही सांगावं, भाऊ म्हणणार 'हो'. मऊ लागलं की आमचं गाव कोपरानं खणणारच. कुणाची डुकरं बांधायची जागा, कुणाचा संडास, भाऊ जेवणावर बांधून देत. माझ्या दुकानाचा कट्टाही तसाच बांधलेला आहे, खोटं कशाला बोलू?

सरकारनं कोळसा जाळणं बंद केलं त्या वर्षी हुकूम आला, झोपायच्या ओट्याखाली जाळ करायची तोंडं विटांनी बुजवा. बुजवणार कोण? देशंगभाऊ. त्यांनी पहिलं स्वतःच्या घरातलं बुजवलं, मग गावातली. त्याबदल्यात प्रत्येक घराबाहेर एकेक यंत्र बसलं. कपाटाएवढी पत्र्याची पेटी, तिला मोठा पंखा. ती बाहेरच्या हवेत असेल नसेल ती ऊब ओढून घेते, घरातल्या पाण्याच्या पाईपांत सोडते आणि उरलेली गार हवा समोर फेकून देते. भाऊंच्या अंगणात हिवाळ्याची कोबी पुरायचा खड्डा आणि कोंबड्या, म्हणून त्यांचं यंत्र गल्लीत, फाटकाला लागून बसवलं.

भाऊंची बायको रुईझी वहिनी. जन्मभर कोळशाच्या धुरात राहून त्यांची छाती चाळणीसारखी झाली होती. तालुक्याच्या डॉक्टरनं भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "घर उबदार ठेवा. गार हवा छातीत गेली तर या बाई हिवाळा काढायच्या नाहीत." मुलगा नाही. मुलगी लांब दक्षिणेत, कारखान्यात. त्यामुळे ते यंत्र म्हणजेच वहिनींचा मुलगा. पहिला हिवाळा त्यांनी छान काढला. नुसत्या स्वेटरवर बसून माझ्याशी गप्पा मारायच्या. जीभ अशी तिखट, की भाऊ बोलत नाहीत त्याची सगळी भरपाई त्या एकट्या करत.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर समोरच्या मिआओच्या पोराचं लग्न मोडलं. मिआओ बाओलू म्हणजे खडी-वाळूवाला, ट्रकवाला, गळ्यात जाड साखळी. त्याचं पोरगं दिवसभर मोबाईलवर पत्ते खेळतं आणि हरतं, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. पण मिआओच्या आईनं दुसरंच कारण शोधलं. म्हणाली, समोरचा पंखा दिवसरात्र आपल्या फाटकावर गार वारा फेकतो, घरात शिरायला आलेलं नशीब गल्लीच्या बाहेर उडून जातं.

मिआओ भाऊंच्या दारात येऊन उभा राहिला. मी समोरच होते.

"देशंग, पंख्यापुढे आडोशाची भिंत घाल. आपल्या वाडवडिलांनी फाटकापुढे आडभिंती काय उगाच घातल्या?"

"हो, पण वारा जायला..."

"वारा जायला नकोच आहे. माझ्या पोराचा संसार उभा राहायचाय. आणि हे बघ, तुला पोर नाही. उद्या तुझ्या घरातून मयताची पेटी निघेल तेव्हा खांदा द्यायला माझीच माणसं लागणार ना? का मुलगी विमानातनं चार जण घेऊन येणारे?"

हे घाव कुठे घालायचा ते जाणणाऱ्याचं बोलणं. आमच्याकडे माणूस उपाशी मेलेला चालतो, पण पेटीला खांदेकरी मिळाले नाहीत तर ती नाचक्की मेल्यावरही सुटत नाही. भाऊ म्हणाले, "हो."

आणि बांधली. नुसती बांधली नाही, जीव ओतून बांधली. पंख्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर, पुरुषभर उंच, वर कौलांची टोपी, मधोमध लाल-सोनेरी फरशीवर सुखाचं अक्षर. लोक बघायला यायचे. भाऊ लांब उभे राहून एक डोळा मिटून ओळंबा बघायचे आणि खूश व्हायचे. माझं तर डोकंच फिरलं. म्हटलं, "भाऊ, हे तुमचं यंत्र आहे का देवघर?" तर लाजून हसले.

थंडी वाढेपर्यंत चाललं कसंबसं. मग उत्तरेचा वारा सुटला, तोंडातून थुंकी खाली पडायच्या आत गोठायची, तशी थंडी. पंख्यानं फेकलेली गार हवा भिंतीवर आपटायची आणि परत यंत्राच्याच पोटात शिरायची. गारच हवा खाणार, गारच ओकणार आणि तीच पुन्हा खाणार. मागच्या बारीक पट्ट्यांवर हिम धरलं, हिमाचा बर्फ झाला, बर्फ हातभर जाड. ते यंत्र मधूनमधून स्वतःचा बर्फ स्वतःच वितळवतं. पण खाली ओघळलेलं पाणी तिथेच गोठून तळाशी दगड झाला. पंखा त्यावर घासला, खरखरला, थांबला. घरातले पाईप गार पडले.

भाऊंनी आधी किटलीनं उकळतं पाणी ओतलं. तेही गोठलं, बर्फ दुप्पट झाला. मग लाटणं घेऊन ठोकायला लागले, तेव्हा मी हात धरला. पट्ट्या वाकल्या असत्या तर सगळंच संपलं असतं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या लुआन मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आल्या आल्या भिंत पाहिली.

"ही कुठल्या गाढवानं बांधली?"

"मीच," भाऊ म्हणाले.

"काम सुंदर आहे," लुआन म्हणाला, "पाडून टाका."

त्यानं वाफेची नळी मारून बर्फ उतरवला, पाण्याच्या वाटेतली गाळाची जाळी धुतली, पाईपांतली हवा काढली. यंत्र सुरू झालं. वहिनींनी आतून हाक मारली, "आली रे ऊब, म्हाताऱ्या." लुआननं हात पुसले आणि सरळ सांगितलं, "संध्याकाळपर्यंत चालेल. मग परत गोठेल. यंत्रात काही बिघाड नाही, त्याचं तोंड दाबून ठेवलंय. यंत्र हलवा म्हणाल तर या थंडीत पाईप उघडता येत नाहीत, आतलं पाणी गोठून घरभर फुटतील. भिंत पाडा, नाहीतर मला बोलावू नका."

संध्याकाळी परत गोठलं.

भाऊ मिआओकडे गेले. भिंत पाडू का, असंही त्यांच्यानं विचारवलं नाही. म्हणाले, "मधल्या विटा काढून जाळी करू का? दिसायलाही बरी दिसेल." मिआओ म्हणाला, "भोकं ठेवली की वारा येणारच. नवीन स्थळ आलंय. मुलीकडचे वर्षाखेरीला घर बघायला येतायत. ते जाऊ देत, मग काय ते बघू. एवढ्या दिवसांत काही मरत नाही कोणी."

वहिनींच्या खाली विजेची गादी होती. ती पाठ तापवते, श्वास थोडीच तापवते? तोंडातून वाफ निघायची आणि त्या वाफेमागून खोकला. वर्ष संपत आलेलं असताना दुसऱ्याचं आजारी माणूस आमच्याकडे अपशकुन म्हणून कुणी घरात घेत नाही. मीही घेतलं नाही, आणि त्यावरून मला कुणी शहाणपण शिकवायचं काम नाही. गरम पेज नेऊन देत होते. वहिनी दोन चमचे घ्यायच्या आणि भाऊंकडे बघून बोलायच्या.

"म्हाताऱ्या, अख्ख्या गावाच्या भिंती बांधल्यास. बायकोसाठी एक पाडून दाखव."

भाऊ गादी नीट करत म्हणायचे, "पाहुणे जाऊ देत. खांदेकऱ्यांचा प्रश्न आहे गं."

"खांदेकरी कशाला? मला अजून पेटीत घालायचंय का तुला?"

यावर भाऊ खाली मान घालून तिच्या पायाशी गरम पाण्याची बाटली सरकवायचे. मला दोघांचाही राग यायचा. तिचा कमी.

बर्फ पडला, रस्ता बंद झाला, पाहुण्यांचं येणं पुढे गेलं. मिआओ म्हणाला, "निसर्गापुढे माझं काय चालतं?" भाऊ रोज सकाळी वाफेच्या नळीऐवजी गरम फडकी घेऊन यंत्रापाशी बसायचे. दुपारी घटकाभर पंखा फिरायचा. तेवढ्यात वहिनींना बसवायचं, केस विंचरायचे, परत गोधड्यांत घालायचं.

शेवटी पाहुणे आले. मला मिआओकडे मोमो भरायला बोलावलं होतं. आणि बघते तर पंगतीत देशंगभाऊ. मिआओनं मुद्दाम बसवलं होतं. साधा, सभ्य शेजारी दिसला की मुलीकडच्यांवर छाप पडते. मुलीचा बाप भिंतीवर इतका खूश, की उठून दोनदा बघून आला. "काय कारागिरी आहे. अशी आडभिंत ज्याच्या फाटकासमोर, त्याच्या घरात मुलगी द्यायला काय भीती?" भाऊंच्या पेल्यात दारू ओतली गेली. भाऊ हसले. त्यांचे डोळे सारखे खिडकीकडे, समोरच्या घराकडे. मी कानाशी जाऊन म्हटलं, "घरी जा." म्हणाले, "जेवणं उरकली की विचारतो. आता मूड चांगला आहे त्याचा."

पाहुणे गेले. स्थळ ठरलं. मिआओ तांबारलेल्या तोंडानं भाऊंच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "बघितलंस? तुझ्या भिंतीनं काम केलं. आता लग्न होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. वसंतातलाच मुहूर्त आहे."

"वसंतात," भाऊ म्हणाले.

"मग? तोवर थंडी पण जाईल, तुझं यंत्र पण चालेल."

आणि भाऊ म्हणाले, "हो." माझ्या हातात लाटणं होतं. कुणाच्या डोक्यात घालावं ते कळेना, म्हणून खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज घेऊन गेले, तर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. भाऊ त्यांचे हात स्वतःच्या कोटात घालून बसले होते. "बघ गं, गरम होत नाहीत," म्हणाले. मी बघितलं. होणारच नव्हते.

दुपारी सुताराकडून पेटी आली. गल्लीत शिरली, पण फाटकाशी वळेना. लांबलचक जड लाकूड, दोन्ही बाजूंना माणसं आणि मधे ती भिंत. एकदा सरळ घातली, एकदा तिरकी. पेटी मिआओच्या फाटकासमोर टेकली आणि मिआओची आई आतून किंचाळली. रिकामी पेटी आपल्या दारात थांबलेली, तीही पोराचं लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी. मिआओ धावत बाहेर आला. त्यानं स्वतः घण आणला. भाऊंना विचारलं नाही, मुहूर्त बघितला नाही. पहिला घाव सुखाच्या अक्षरावर बसला. खांदेकऱ्यांनीही लाथा घातल्या. देशंगभाऊंची भिंत होती, सहजासहजी पडली नाही. पण पडली.

पेटी आत आली. आम्ही बायका वहिनींना शेवटचे कपडे चढवायला बसलो. भाऊ सकाळीच सवयीनं गरम फडकी लावून आले होते, यंत्र चालूच होतं. आता त्याला मोकळी हवा मिळाली. बाहेर पंखा घुमायला लागला. पाईप आधी कोमट झाले, मग तापले. खिडकीच्या काचेवरचं हिम ओघळलं. एकीनं कोट काढला, दुसरी म्हणाली, "उकडतंय गं." मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. मयत घरात ठेवायचं होतं मुलगी येईपर्यंत, आणि घर भट्टीसारखं तापत होतं.

"यंत्र बंद करा," कुणीतरी म्हणालं. "मयत टिकायचं नाही."

देशंगभाऊ पाईपाला पाठ लावून बसले होते. म्हणाले, "राहू द्या. तिला थंडी सोसत नाही."

मिआओ दारातून आत आला, हातावर अजून विटांची धूळ. "वेडा झालास का देशंग," म्हणाला, तेही प्रेमानं, आणि वाकून बटण बंद केलं. मग माणसं खिडक्या उघडायला लागली. भाऊ उठले नाहीत. पाईप अजून ऊन होता. त्याच्यावर त्यांनी हात ठेवला होता, आणि तो गार होईपर्यंत ठेवला.