चार हातांचा गेम

पुण्यात गेमच्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, त्या दिवसांत मीही त्यातल्या एकीत चिकटले. "आपल्या मातीतला गेम सुचवा," असं साहेब म्हणाले आणि मी, ऊसतोड्यांच्या शिरूर कासारची, ताडकन उभी राहिले. ऊसतोडीचा गेम! बाकीच्यांनी राजे आणि राक्षस आणले होते. साहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी खेळून बघू. रंगला तर करू, नाहीतर विषय संपला.

मला आभाळ ठेंगणं झालं. आठ दिवस कधी जेवले, कधी झोपले, आठवत नाही. कोयता सपासप चालायचा, मोळी टुणकन ट्रॉलीत पडायची. शनिवारी मोबाईल घेऊन थेट आई-अण्णांकडे गेले. गावाकडे पावसानं डोळे वटारलेले, त्यामुळे दोघं दरसालसारखी एका सहकारी साखर कारखान्याच्या तोडीवर होती. फडात दुपारची भाकरी चालली होती.

अण्णांनी मोबाईल हातात घेतला. खऱ्या फडातला वाघ माणूस, पण इथं पाचव्याच सरीत आडवा! तोडायला लागले की मोळ्या राहायच्या, बांधायला गेले की ट्रॅक्टर निघून जायचा. मी हसून हसून लोळले.

"एकट्याला न्हाई जमत हे," अण्णा चिडले. "देव आला तरी न्हाई."

आई वाकून बघत होती. म्हणाली, "लई भारी केलंस गं. पण मी कुठं हाय याच्यात?"

माझं हसू तिथंच थांबलं. तोडलेला ऊस गोळा करून उसाच्याच हिरव्या शेंड्यानं, वाढ्यानं, मोळी आवळणारी, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी आई. तिच्या मागं मागं फिरून मी मोठी झाले आणि नेमकं तिलाच विसरले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रविवारभर सगळा गेम उसवून पुन्हा शिवला. आता एकाच मोबाईलवर दोघं: एकानं तोडायचं, दुसऱ्यानं बांधून वाहायचं. सोमवारी साहेब आणि रिसेप्शनच्या बाई खेळायला बसले.

"अहो, बांधा ना पटापट!"

"आधी तुम्ही तोडा तर!"

कोपरं एकमेकांना लागत होती, अख्खं ऑफिस भोवती जमून ओरडत होतं. साहेबांनी तिसरा डाव मांडला आणि मी उड्याच मारायला लागले.

लगेच आईला फोन लावला. "आई, घेतला गं गेम! आता सगळ्या देशाच्या मोबाईलवर तू मोळ्या वाहणार!"

आई म्हणाली, "तितं तरी मला मधी मधी जरा बसू दे, बाई."