झिवादीनकडे किती वाजता जमायचं
रादोय्का चिर्कोविच. पद: अध्यक्ष, स्पॅम नियंत्रण मंडळ, मोराव्हा नदीकाठच्या आमच्या गावाची वेबसाइट. कार्यक्षेत्र: चमत्कारी मलमे, स्वस्त चष्मे आणि अनोळखी विधवांची प्रेमपत्रे नष्ट करणे. एकच मजकूर वारंवार टाकणाऱ्यास कायमची बंदी. अपवाद: आजवर नाही.

मंडळाची बैठक तिच्या स्वयंपाकघरात, सकाळच्या कॉफीबरोबर भरते. पारख सोपी: आपल्यातला माणूस जे लिहिणार नाही, ते पुसायचं. डिसेंबरात असंच एक आलं. ‘संत निकोलाच्या दिवशी माझ्या घरी स्लावा आहे. सर्वांना आग्रहाचं निमंत्रण. माशांचं सूप आहे. काही आणू नये.’ आता स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्याचं निमंत्रण आमच्यात कुणी देत नाही. दार उघडं असतं, येणारे दरवर्षी आपणहून येतात. त्यात हे फुकट जेवण. रादोय्काने पुसलं. तेच पुन्हा आलं, तेव्हा बंदीही घातली.

संत निकोलाच्या सकाळी ती पाव आणायला गेली. बेकरीवाली मिलेवा स्लावाचा नक्षीदार पाव बांधत होती.

“केवढा गं हा. कुणाचा?”

“झिवादीनचा. तो व्हिएन्नावाला, बायको गेल्यावर परत आला तो. गेल्या वर्षी एकटाच बसला होता म्हणे मेणबत्तीसमोर. यंदा बिचाऱ्याने वेबसाइटवर निमंत्रण टाकलं, तर कुणी शहाणा ते पुसतोय.”

“स्लावाचं निमंत्रण? असं कुणी देतं का?”

“उभा जन्म बाहेर गेला त्याचा. आणि कुणी आधी गेलेलंच नाही, तर पहिलं कोण जाणार? तू?”

रादोय्का पाव न घेताच घरी आली. निमंत्रण परत लावून उपयोग नव्हता. बोलावल्यावर स्लावाला जाणं आमच्या लोकांना कमीपणाचं वाटतं. तिने थोडा विचार केला आणि पाच नावांनी, त्यात एक तिच्या मांजरीचं, एकच वाक्य पाच ठिकाणी लिहिलं: ‘झिवादीनकडे आज नेहमीच्याच वेळी ना?’

मी ते वाचलं आणि ओशाळलो. सगळे दरवर्षी जातात आणि मलाच पत्ता नाही. बाटली काखोटीला मारून निघालो. वाटेत अर्धं गाव भेटलं, तेही ओशाळलेलं.

झिवादीन इस्त्रीच्या शर्टात दारात उभा होता. खुर्च्या कमी पडल्या, शेजारून आणल्या. रादोय्का आली तेव्हा त्याने तिला खिडकीजवळ बसवलं.

“बाई, मी वेबसाइटवर लिहीत होतो, पण कुणीतरी सारखं पुसायचं.”

“आहे तिथे एक बया,” रादोय्का पाव मोडत म्हणाली. “खडूस आहे. तुम्ही मनावर घेऊ नका.”

“नाही हो. लोक आले की.” त्याने तिचा ग्लास भरला.

संध्याकाळी मंडळाने एकच मजकूर टाकणाऱ्या पाचही जणांवर कायमची बंदी घातली. सूप दुपारीच संपलं होतं.