मातीतली कच

गाळून, मळून सिद्ध झालेली माती चाकावर चढण्यापूर्वी म्हाताऱ्या कुंभाराच्या मुखातून जात असे. चिमूटभर माती तो पुढच्या दातांत धरी, नेत्र मिटून हलकेच चावी आणि थुंकून निर्णय देई, “लोणी आहे,” किंवा “कच लागते, पुन्हा गाळ.” चाकावरून गुडघ्यांनी त्याला केव्हाच उठवले होते, तेथे आता सून बसे. त्याची उरलीसुरली सत्ता काय ती या हलत्या दातांवर उभी होती.

म्हणूनच हिरड्यांतून रक्त येऊ लागले तरी त्याने ब्र काढला नाही. अखेर सुनेनेच दटावून त्याला दंतवैद्य बाईंकडे नेले. तोवर रोगाने मुळांचा आधार पोखरला होता. दात गेले, कवळी आली. आयुष्यभर बोळकी घडवणाऱ्या त्या पुरुषाला सुनेपुढे स्वतःच्या तोंडाचे बोळके दाखवणे मात्र अप्रशस्त वाटे. कवळी उतरे ती केवळ निद्रेपुरती.

आणि आता प्रत्येक माती त्याला लोणीच लागू लागली! एके सकाळी त्याने निर्धास्तपणे दिलेला गोळा सुनेने चाकावर घेतला. सुरई आकाराला येता येता तिच्या अंगावर ओरखडे उमटले, सुनेचे बोट सोलवटले. तिने निमूट सुरई मोडली आणि बोटाला ओले फडके गुंडाळले. चार शब्द सुनावले असते तर बरे, असे म्हाताऱ्याला झाले.

कवळी तपासायला गेल्यावर त्याने बाईंकडे गाऱ्हाणे मांडले, “ही कवळी ठार बहिरी आहे हो!”

“दाताचं कवचही बहिरंच होतं, आजोबा. कळायचं ते मुळाभोवतीच्या पडद्याला आणि हिरडीला. पडदा दाताबरोबर गेला. पण हिरडीत स्पर्श ओळखणाऱ्या बारीक पेशी असतात. तुम्ही त्यांच्यावर झाकण घालून बसलात.”

“म्हणजे बोळकं उघडं टाकू? हिच्यासमोर?”

“बाबा,” शेजारून सून म्हणाली, “मी दिवसभर बोळकीच बघते. त्यात आणखी एक!”

घरी येताच तिने गोळा पुढे केला आणि चिखलाने माखलेला तळहात पसरला. “द्या इकडे.”

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवून कवळी काढली. नुकत्याच उतरवलेल्या कच्च्या भांड्यासारखी तिने ती अलगद झेलली. त्याने मातीची चिमूट बोटाने हिरडीवर फिरवली. काहीच कळेना. पुन्हा फिरवली, सावकाश, जशी एखाद्या झोपलेल्याला हळूच हाक द्यावी. मग त्याच्या मिटल्या पापण्या थरथरल्या.

“कच आहे,” तो बोबडे बोलला. “अगदी बारीक. पण आहे. पुन्हा गाळ.”

“झालं, आलं राज्य परत!” सून पुटपुटली. तिने कवळी जपून फळीवर ठेवली आणि चाळण उचलून ती हौदाकडे वळली.