उभी आहेस ना?

तेजस्विनी गांगुर्डे चिडली की आवाज चढवत नाही. टेबलावरचे फासे एकेक करून उचलते आणि मुठीत धरून बसते. त्या रविवारी तिच्या मुठीत सगळ्यांचे फासे होते.

ती नाशिक रोडला राहते आणि अंबडच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधते. उभ्यानं. अख्खी पाळी उभ्यानं. उन्हाळ्यापासून ती एकच गोष्ट मागतेय: लाइनवर एक स्टूल. लाइन लीडर रवी दरवेळी म्हणतो, "अजून उभी आहेस ना? मग बघू." याच रवीनं तिला आमच्या खेळात आणलं. कंपनीत ती त्याला रवी सर म्हणते, खेळताना रव्या.

खेळ गंगापूर रोडला रुद्रच्या फ्लॅटवर चालतो. रुद्र गोष्ट सांगतो, राक्षसही तोच चालवतो. आम्ही बाकीचे एकेक पात्र होऊन फासे टाकतो. तेजस्विनीचं पात्र कुसाबाई, ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहणारी. नाव चांदवडच्या पणजीचं. रवीचं पात्र म्हणजे मंत्रानं जखमा भरणारा वैद्य. प्रत्येकाला हिट पॉइंट असतात. मार बसला की कमी होतात, शून्य झाले की पात्र कोसळतं. पण एक पॉइंट उरलेला माणूसही शंभरवाल्याइतक्याच जोरानं वार करतो. म्हणून आमच्यासारख्या हुशारांची युक्ती ठरलेली: वैद्यानं आधी मंत्र वाया घालवायचाच नाही. पुढचा कोसळला की थोडे पॉइंट देऊन उठवायचा आणि परत लढायला लावायचा.

गुरुवारी तेजस्विनी लाइनवर चक्कर येऊन पडली. रवीनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पंख्याखाली बसवलं आणि तिनं डोळे उघडताच म्हणाला, "बरं वाटतंय ना? चल, माल अडकलाय." जेवणाच्या सुट्टीआधी ती पुन्हा पडली. पुन्हा तेच पाणी.

रविवारी दलदलीत लढाई लागली. कुसाबाई दोनदा पडली, दोनदा रवीनं उठवली. तिसऱ्यांदा तो हसतच ओरडला, "कुसाबाई, ऊठ! दिले पाच पॉइंट."

"नाही उठत."

"अगं, पॉइंट आहेत तुला."

"असू देत. पडून राहते चिखलात."

तेव्हा तिनं फासे गोळा केले. रुद्र समजुतीच्या सुरात म्हणाला, "तेजू, हिट पॉइंट म्हणजे रक्त नाही गं. दम, नशीब, सावधपणा, सगळं मिळून. शेवटचा पॉइंट जाईपर्यंत खरा घाव लागलेलाच नसतो."

"दमच ना? मग दम संपत आला तरी माझा हात जड का होत नाही? ढाल खाली का येत नाही?"

"तसं केलं तर हिशोब फार वाढतो. नियम सोपा ठेवलाय."

"कोणासाठी सोपा?"

तिनं एक फासा रुद्रपुढे आपटला. "तुझे राक्षस चालव."

पुढे ढालच नव्हती. राक्षस कुसाबाईला ओलांडून थेट वैद्यावर गेले. रवीचे पॉइंट भराभर उतरले.

"तेजू, बास झाली मस्करी! ऊठ ना, मेलो मी!"

"किती उरले?"

"चार."

"उभा आहेस ना? मग बघू."

रवीचं हसू गेलं. "कंपनीतलं इथं आणू नकोस."

"मी आणलं? दोन्हीकडे तूच पाणी पाजतोस आणि तूच ढकलतोस. पडायच्या आधी एकदा तरी विचारलंस, कसं होतंय म्हणून?"

"माझ्या हातात काय आहे? टार्गेट वरून येतं."

"स्टूलपण वरून येतं का रे?"

रुद्रनं फासा टाकला. वैद्य कोसळला. त्याला उठवायला दुसरा वैद्य नव्हता. रवीनं आपल्या पात्राचा कागद चुरगळून खिशात कोंबला आणि चप्पल घालून निघाला. दारातून म्हणाला, "उद्या पहिली पाळी आहे."

"माहितीये."

सोमवारी ती वेळेवर गेली. लाइनवर स्टूल नव्हतंच. तिनं पॅकिंगमधून एक रिकामा क्रेट ओढत आणला, आपल्या जागेवर उलटा आपटला आणि त्यावर बसून जुडी बांधायला घेतली. आवाजानं अख्खी लाइन वळून बघायला लागली.

रवी तावातावानं आला. "हे काय चाललंय?"

"काम," ती म्हणाली, आणि उठली नाही.