दत्तरावांचं टपोरं सोयाबीन

काट्यावर दोन्ही वाट्यांचं वजन जवळपास सारखंच आलं. शंका नको म्हणून शंभर-शंभर दाणे पुन्हा मोजून ठेवले. तरी तेच.

मी पुसेगावच्या दत्तरावांच्या ओसरीवर बसले होते. मी सोयाबीनची पैदासकार, म्हणजे नवीन वाण तयार करणारी. दत्तराव दरवर्षी घरच्या बियाण्यातले टपोरे दाणे निवडून तेवढेच पेरायचे. अशानं दाणा वर्षागणिक मोठा होईल, हा त्यांचा हिशेब. म्हणून गेल्या हंगामात मी त्यांच्याच रानात एक ओळ टपोऱ्या दाण्यांची आणि एक बारक्यांची लावली होती; वाट्यांत होते ते याच दोन ओळींचे दाणे. त्यातच काढणीला पाऊस आला. त्यांच्या घरच्या बियाण्यात टपोरे फार थोडे निघाले. बारके टाकले तर निम्मं रान पडीक राहणार होतं, आणि पेरणी तोंडावर आली होती.

"बोला मॅडम, टपोऱ्याचं टपोरंच झालं ना?"

"नाही काका. दोन्ही ओळींचा दाणा सारखाच."

"काहून?"

मी सांगितलं. सोयाबीनचं फूल उमलायच्या आतच स्वतःच्याच परागावर फळतं. त्यामुळे एका वाणाची सगळी झाडं जनुकांनी जवळपास एकच. दाणा लहानमोठा होतो तो शेंगेतली जागा आणि पाणी यांमुळे. ते पुढच्या पिढीत उतरत नाही. खरंच मोठा दाणा हवा तर दोन वेगळ्या वाणांचा संकर करून मग निवड करायची. तीही सोपी नाही. आकार ठरवणारी जनुकं पुष्कळ, प्रत्येकाचा वाटा थोडा.

"म्हंजे बारकंबी त्याच रक्ताचं," त्यांच्या पत्नी गयाकाकू म्हणाल्या. त्यांनी ओलं गोणपाट उलगडलं. उगवण बघायला आत गुंडाळून ठेवलेल्या बारक्या दाण्यांना छान मोड आले होते.

"बिनधास्त पेरा," मी म्हणाले. "आता निवडत बसायची तकलीफ नको."

वाटलं, खूश होतील. दत्तरावांनी वाटी बाजूला सरकवली. काकूंनी सूप मांडीवर ओढलं.

"मॅडम, हे दिसभर तोंड उघडत न्हाईत. सूप मधी घेऊन निवडायला बसलो की मातर बोलतात. सासरी गेलेल्या पोरीची आठवण काढतात. तेवढंच आमचं बोलणं."

मी सूप उचलून दोघांच्या मधे ठेवलं.

"मग निवडा की काकू. फुटका, किडका, दुसऱ्या वाणाचा दाणा तर काढायलाच हवा."

"रोज?" दत्तरावांनी विचारलं.

"रोज."

यंदा सगळं रान पेरून झालं, बारक्या-टपोऱ्यासकट. आणि मी आता कुणाला एखादं काम बंद करा म्हणण्याआधी, ते करताना शेजारी कोण बसतं ते विचारून घेते.