खाटेवरून खाली

वृद्धाश्रमात आम्ही आमच्या मर्जीनं गेलो. हे आधी सांगतो, कारण गावात अजून बोलतात की मुलानं नेऊन टाकलं. कुणी टाकलं नाही. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला लागली. मुलाचं रोह्याला दोन खोल्यांचं बिऱ्हाड. त्याची कंपनीत शिफ्ट, सुनेची नोकरी, घरात दिवसभर मी एकटा, आणि तिला उचलायला दोन माणसं लागायची. मुलगा-सून दबक्या आवाजात बोलायला लागली तेव्हा मी ओळखलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "वरसेच्या बाजूला आश्रम हाय. तिथं उचलायला बाया असतात. आम्ही चाललो." मुलगा रडला. मी नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आश्रमाच्या फाटकाला कुलूप लागलं. मुलगा यायचा, खांबावर डबा ठेवून मागं सरकायचा, मग मी पुढं होऊन तो उचलायचो. शेजारच्या खोलीत एक रिटायर मास्तर होते. त्यांना ताप भरला, अॅम्ब्युलन्स आली, पनवेलला मशीनवर ठेवले म्हणून कळलं. परत आला तो त्यांचा चष्मा, पिशवीत घालून.

मग हिला ताप आला. तपासलं तर आम्ही दोघंही पॉझिटिव्ह. माझी नुसती तोंडाची चव गेली होती, पण त्यामुळे एक बरं झालं, आम्हाला एकाच खोलीत राहू दिलं.

रोह्याचा तरुण डॉक्टर प्लास्टिकचा झगा घालून यायचा. त्यानं मला दारापाशी बोलावलं. म्हणाला, "आजोबा, ऑक्सिजन उतरतोय. इथल्या छोट्या यंत्रावर भागलं तर भागलं. नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं. तिथं वेळ आली तर घशात नळी घालून मशीन लावतील. आजींच्या या तब्येतीत त्यातून परत येतील असं मी छातीठोक सांगत नाही. नाही नेलं तर काय होऊ शकतं, तेही तुम्हाला कळतंय. आणि तिथं जवळ कुणाला थांबू देत नाहीत."

नीट बोलला. गोलगोल काही नाही. मी विचारलं, "इथंच ठेवली तर तुम्ही येणार?"

"येईन. त्रास होऊ नये एवढं नक्की बघेन."

मी आत येऊन हिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, ही तर शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही, पण आपल्या जिवाचं आपल्याला कळू नये इतकी ती अडाणी नव्हती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नाय जायचं. मास्तरांचा चष्मा तरी परत आला. माझ्याकडं तर चष्मा पण नाय."

मुलाला फोन केला. तो भडकला. "बाबा, करण्यासारखं सगळं करायचं. उद्या लोक म्हणतील, आश्रमात टाकली आणि तिथंच मरू दिली."

"लोकांना सांग माझ्याकडं या."

"तुमचा हट्ट नेहमीचाच."

"या वेळी माझा नाय, तिचा हाय. मी तिच्या बाजूचा."

"मी सकाळी गाडी आणतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मुलगा माझाच. आणतो म्हणाला म्हणजे आणणार.

डॉक्टरनं जाताना सांगितलं होतं, पालथं नाहीतर कुशीवर झोपवा, श्वासाला बरं पडतं. पण लोखंडी खाट अरुंद, हिला पडायची भीती. आश्रमातल्या मावशी म्हणाल्या, "आजीला खाली गादी घालू या का?" आम्ही गादी घातली, वर तिची गोधडी, आणि दोघांनी धरून तिला खाली घेतलं. "जन्मभर खालीच निजले," ती म्हणाली, "खाटेची हौस तुमाला." यंत्राची नळी नाकाला होतीच. पदर तोंडावर ओढून तिला लगेच डोळा लागला.

तेवढ्यात मुलाचा कंपनीतून व्हिडिओ कॉल आला. मावशींनी मोबाईल हिच्याकडं धरला. तो काही बोलला नाही, फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.

आता आमच्याकडं असं आहे की माणूस जायला टेकलं की त्याला खाटेवरून खाली घेतात. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. माझ्या बापाला मीच खाली घेतला होता. तरी त्या वेळी हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिला झोप लागली, याच आनंदात मी होतो.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. हिचा धाकटा भाऊ, जोह्याला त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. आवाज जड. "भावोजी, कसं झालं हो?"

"काय कसं झालं? पेज पितेय ती."

मेव्हणा म्हणाला, "भाच्यानं सांगितलं, तिला खाली घेतली. आम्ही सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. सुतकात मूर्तीला हात कसा लावायचा, म्हणून कारखाना पण बंद केला."

मी फोन हिच्या कानाला लावला. ती धापा टाकत म्हणाली, "आंघोळ केलीस? बरं झालं रं. रोज करत जा. आणि जा, कामाला लाग, माझ्या नावावर सुट्टी काढू नको." मावशी मास्कमध्ये हसत बाहेर गेल्या.

थोड्या वेळानं मुलगा फाटकाशी आला तेव्हा त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो मयत न्यायला आला होता. मी आवारातूनच ओरडून सांगितलं, "जिती हाय. पेज प्याली."

तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. मग म्हणाला, "कंपनीतून निघालो तेव्हा एकच डोक्यात होतं. बाबा जवळ होते. ती एकटी नव्हती."

पुढचं मी त्याचं त्याला बोलू दिलं.

"सकाळी गाडी नाय आणत," म्हणाला.

डॉक्टर शब्दाला जागला. रोज आला. श्वास लागायला लागला तेव्हा त्यानं सुई दिली, चेहऱ्यावरचा ताण उतरला. एके दिवशी सकाळी मी पेज भरवत होतो. दोन चमचे घेतले, तिसरा घेतला नाही. मी वाडगा खाली ठेवून हात धरून बसलो. गादी खालीच होती, वेगळं काही करावं लागलं नाही.

मुलाला सांगितलं, मग जोह्याला फोन लावला. मेव्हणा हळूच म्हणाला, "भावोजी, राग मानू नका. पण नक्की ना?"

"नक्की."

"मग घेऊ ना डोक्यावरून पाणी?"

"घे," मी म्हणालो. "आता घे."