मे महिन्यातला स्वेटर

थांबा, हे आत्ताच सांगते! आमच्या गल्लीत शेंगाचटणी कुटून विकणाऱ्या मावशी सोलापूरच्या मे महिन्यातही स्वेटर घालतात. उखळात चार घाव घातले की दमून बसतात. त्यांच्या सासूबाई होत्या तोवर ओरडायच्या, "आळशी म्हैस!" आणि मी खुशाल हसायचे.

आज मावशींनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. "वाच की गं."

मी सांगितलं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हार्मोन कमी बनवतेय, म्हणून थंडी वाजते, अंग जड होतं.

"म्हंजे मी आळशी न्हवते व्हय?"

"नव्हता, मावशी."

त्यांनी सासूबाईंच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. "तिकडं तोंड करून परत वाच. मोठ्यानं."

मोठ्यानं वाचलं. पण तेव्हा खुशाल हसणारी मीच होते. तुम्हीपण कुणाला असं हसलायत का? खरं सांगा.